दवाखान्याने ‘घरी न्या’ म्हटल्यावर

मंडळी, एक वाक्य आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकलेले आहे. कोणी स्वतःच्या वडिलांबद्दल ऐकले असेल, कोणी बहिणीबद्दल, तर कोणी शेजाऱ्याला सोबत म्हणून नागपूरला गेले असताना ऐकले असेल. डॉक्टर हातातले कागद खाली ठेवतात, क्षणभर गप्प राहतात आणि म्हणतात, “आता करण्यासारखे काही उरले नाही. घरी घेऊन जा.”

समजा, हे वाक्य कामरगावातल्या एका घरी आले. वाशीम जिल्ह्यातले, कारंजा तालुक्यातले हे गाव. सोयाबीन, तूर आणि कपाशी यांवर चालणारे घर. आजोबा साठीचे, तीस वर्षे खर्रा खाल्लेला, त्यातून तोंडाचा कर्करोग झाला. शस्त्रक्रिया झाली, किरणांचा उपचार झाला, आणि सहा महिन्यांनी गाठ मानेत पुन्हा वर आली. गाडी करून त्यांना घरी आणले. भेटायला येणारा जो तो दारातच विचारतो, “काय म्हणे डाक्टर?” मुलगा मान हलवून सांगतो, “हात टेकले बाप्पा डाक्टरनं. आता देवाच्या हाती.”

पुढे काय होते तेही तुम्हांला ठाऊक आहे. जखमेला वास येऊ लागतो, म्हणून खाट मागच्या खोलीत जाते. ताट-वाटी वेगळी होते. नातवंडांना सांगितले जाते, तिकडे जाऊ नका. रात्री सारे घर त्यांचे कण्हणे ऐकत पडून राहते. मध्येच कोणी दुसऱ्या शहरातल्या मोठ्या दवाखान्याचे नाव सुचवतो, मग बैलजोडी विकली जाते, नाहीतर एकरभर जमीन गहाण पडते, आणि पंधरा दिवसांनी तेच वाक्य पुन्हा ऐकून मंडळी परत येतात. या सगळ्या दिवसांत खाटेपाशी दवाखान्यातले कोणी फिरकत नाही. आपणही कोणाला बोलवायला जात नाही. काम संपले, अशी सगळ्यांचीच समजूत झालेली असते.

रोग बरा करण्याचे काम संपलेले असते, हे खरे. पण दुखणे थांबवणे, जखम स्वच्छ ठेवणे, उलटी, धाप, झोप यांची काळजी घेणे, घरच्यांना हाताशी धरणे, हे काम त्याच दिवशी सुरू व्हायचे असते. त्या कामाला शास्त्र आहे, औषधे आहेत, त्याचे शिकलेले डॉक्टर आणि परिचारिका आहेत. इंग्रजीत त्याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात, आपण उपशामक सेवा म्हणू. आणि अशा रोग्यांसाठी जी खास जागा असते, तिला हॉस्पिस म्हणतात.

हॉस्पिस म्हटले की आपल्याकडे लोक दचकतात. “म्हणजे मरायला नेऊन टाकायचं घर का?” असे विचारतात. शब्दाचे मूळ मात्र अगदी आपल्या ओळखीचे आहे. जुन्या काळी युरोपात यात्रेकरू आणि थकलेले वाटसरू यांना उतरण्यासाठी ज्या जागा असत, त्या हॉस्पिस. म्हणजे आपली धर्मशाळा! आपल्या वऱ्हाडचे गाडगेबाबा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. त्यांच्या नावाची दादरची धर्मशाळा मुंबईला उपचारासाठी गेलेल्या कर्करोग्यांना आणि त्यांच्या नातेवाइकांना आसरा देते. दूर गावाहून आलेल्या रोग्याला पाठ टेकायला जागा हवी, हे आपल्या माणसांना कोणी वेगळे शिकवायला नको होते.

मात्र नुसती जागा आणि माया पुरत नाही. मदर तेरेसांनी १९५२ मध्ये कलकत्त्याच्या कालीघाटला मरणोन्मुख निराधारांसाठी घर उघडले, तेही यात्रेकरूंच्या जुन्या विसाव्याच्या इमारतीत. तिथल्या सेवेबद्दल जगाने आदर दाखवला. पण तीव्र वेदना थांबवणारी औषधे तिथे नव्हती, अशी टीकाही १९९४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात झाली. आधुनिक हॉस्पिस ज्यांनी उभे केले, त्या सिसिली साँडर्स या बाईंनी नेमकी हीच जोड दिली. त्या आधी परिचारिका होत्या, मग रुग्णांच्या घरच्या अडचणी पाहणाऱ्या समाजसेविका झाल्या, आणि पुढे वैद्यकीचे शिक्षण घेऊन डॉक्टर झाल्या. १९६७ मध्ये त्यांनी लंडनला सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस सुरू केले. त्यांचे म्हणणे असे की माणसाचे दुखणे शरीराचे असते, मनाचे असते, घरच्या काळजीचे असते आणि ‘देवाने मलाच का’ या प्रश्नाचेही असते; यांपैकी एकही सोडून चालत नाही.

आपल्या देशात पहिले हॉस्पिस मुंबईला निघाले. कर्करोगाचे शल्यविशारद डॉ. लुईस डिसोझा यांनी १९८६ मध्ये वांद्र्याला ‘शांती आवेदना सदन’ स्थापन केले. पुढे गोव्यात आणि दिल्लीला त्याच्या शाखा झाल्या. पुण्याला १९९७ पासून सिपलाचे उपशामक सेवा केंद्र चालते. या ठिकाणी रोग्याकडून पैसे घेत नाहीत. आपल्याला जवळ म्हणजे नागपूरला ‘स्नेहांचल’ आहे. आणि ‘एकदा आत गेला की बाहेर येत नाही’ ही समजूतही खरी नव्हे. दुखणे आटोक्यात आले, घरच्यांना जखम धुण्याची रीत आली की अशा केंद्रांतून पुष्कळ रोगी आपल्या घरी परत जातात. बऱ्याच देशांत तर हॉस्पिसची बहुतेक सेवा रोग्याच्या घरीच पोचवली जाते.

आता औषधाबद्दल बोलू, कारण सगळ्यांत मोठा घोटाळा तिथे आहे. औषधाचे नाव मॉर्फिन. ते अफूपासून निघते. झाले! अफू म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे नशा करून ओट्यावर पडलेला माणूस येतो. म्हणून घरचे म्हणतात, बाबांना व्यसन लागेल. तीव्र दुखण्यासाठी, डॉक्टरच्या देखरेखीखाली, मोजून दिलेल्या मॉर्फिनचे व्यसन लागणे फार क्वचित घडते. शरीराला त्याची सवय होते, म्हणून ते एकदम बंद करायचे नसते. दुखणे कमी झाले तर डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवतात. नशेसाठी औषधामागे धावणारा माणूस वेगळा, आणि दुखणे थांबल्यावर चार घास खाऊन नातवाशी बोलू लागणारा माणूस वेगळा.

दुसरी भीती याहून खोल आहे. “मॉर्फिन दिलं अन् चार दिवसांत गेले.” असे घडलेले लोकांनी डोळ्यांनी पाहिलेले असते, त्यांना खोटे कसे म्हणणार? पण मंडळी, आपण ते औषध सुरूच केले शेवटच्या चार दिवसांत. कोंबडा आरवला आणि उजाडले, म्हणून कोंबड्याने उजाडवले असे आपण म्हणत नाही. योग्य मात्रेत दिलेले मॉर्फिन महिनोन्‌महिने चालते. ते घेऊन लोक उठतात, बसतात, शेताच्या बांधापर्यंत जाऊन येतात. ते देण्याची वेळ ‘शेवट आला’ की येते असे नव्हे. साध्या औषधांनी दुखणे थांबेनासे झाले की येते. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये याच्या तीन पायऱ्या सांगितल्या: आधी पॅरासिटामॉलसारखी साधी औषधे, मग मध्यम, आणि त्यांनीही भागले नाही तर मॉर्फिन.

ते द्यायची रीतही नीट समजून घ्या. तोंडाने घ्यायच्या साध्या मॉर्फिनच्या गोळीचा असर सुमारे चार तास टिकतो. म्हणून ती घड्याळाकडे बघून द्यायची, कण्हणे ऐकून नव्हे. बैल तहानेने खाली बसेपर्यंत आपण थांबतो का? वेळेला पाणी दाखवतो, तसेच हे. पुष्कळ ठिकाणी सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६ आणि रात्री १० अशा वेळा ठरवून देतात, आणि झोपमोड होऊ नये म्हणून रात्रीची मात्रा मोठी ठेवतात. मात्रा किती, हे डॉक्टरच ठरवणार. शेजारच्या रोग्याची गोळी आपल्या रोग्याला चालत नाही. सुरुवातीचे थोडे दिवस मळमळते, गुंगी येते, ती बहुधा जाते. बद्धकोष्ठ मात्र जात नाही, म्हणून पोट साफ होण्याचे औषध पहिल्या दिवसापासून सोबत हवेच. ते दिले नाही म्हणूनच कित्येक रोगी मॉर्फिन सोडून देतात आणि दोष गोळीवर येतो. गोळ्या मोजून, कुलपात, पोरांच्या हाताबाहेर ठेवा. उरलेल्या परत करा.

यात एक गोष्ट मनाला फार लागते. अफूचे पीक मध्य प्रदेशात मंदसौर-नीमच भागात, राजस्थानात आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने घेतले जाते, आणि औषधांसाठी ती अफू परदेशीही जात आली आहे. आणि आपलाच रोगी गोळीवाचून कण्हत राहतो! १९८५ मध्ये अमली पदार्थांचा कडक कायदा झाला. हेतू चांगला होता, पण मॉर्फिन ठेवायचे तर निरनिराळ्या खात्यांचे अनेक परवाने लागू लागले, आणि बहुतेक दवाखान्यांनी ते ठेवणेच सोडून दिले. २०१४ मध्ये संसदेने कायद्यात दुरुस्ती केली. आता मान्यता मिळालेल्या वैद्यकीय संस्थेला राज्याच्या औषध नियंत्रकाच्या एकाच मान्यतेवर मॉर्फिन ठेवता येते. कायदा सैल झाला, पण भीती अजून तितकी सैल झालेली नाही, डॉक्टरांचीही नाही.

जखमेच्या वासाचे म्हणाल, तर मागची खोली हा त्यावरचा उपाय नव्हे. जखमेत हवेवाचून वाढणारे जंतू असतात, वास त्यांचा. मेट्रोनिडॅझोल नावाची स्वस्त गोळी आहे. तिची बारीक पूड करून स्वच्छ धुतलेल्या जखमेवर टाकतात, आणि पुष्कळदा थोड्याच दिवसांत वास उतरतो. उपशामक सेवेतल्या परिचारिका हे घरच्या माणसाला शिकवतात. कर्करोग ताटातून, वाटीतून, मांडीवर बसल्याने लागत नाही. सेवाग्रामला महात्मा गांधींनी कुष्ठरोगी परचुरे शास्त्रींना आश्रमात ठेवून घेतले आणि त्यांची शुश्रूषा स्वतःच्या हातांनी केली. तो तर लागण होणारा रोग मानला जाई. मग आपल्या आजोबांचे ताट वेगळे कशाला?

यानंतर येतो तो खाण्याचा प्रश्न. “पोटात अन्न नाही गेलं तं माणूस कसा जगन?” म्हणून सून घास भरवत राहते, आणि तो खोकत राहतो. अगदी अखेरच्या दिवसांत शरीरच अन्न मागेनासे होते. खात नाही म्हणून माणूस जात नाही, तो जायला निघालेला आहे म्हणून खात नाही. त्या वेळी बळजबरीने घातलेला घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. मग आपण म्हणतो, “एखादी बाटली तरी लावा ना, डाक्टरसाहेब.” सलाइनवर आपला भारी विश्वास! पण बाटलीत मुख्यतः पाणी आणि मीठ. थकलेल्या शरीराला ते पेलत नाही, अंगावर सूज येते, धाप वाढू शकते. त्यापेक्षा ओल्या कापसाने ओठ आणि जीभ ओली ठेवावी, मागितला तर चमचाभर चहा द्यावा. तोंडात तुळशीपत्र आणि गंगाजल घालण्याची आपली रीत आहे, तितकेच पाणी त्या घडीला पुरते. हे मी अखेरच्या दिवसांबद्दल बोलतो आहे. त्याआधी भूक लागत नसेल, गिळताना दुखत असेल, तर त्यावर उपाय असतात, ते करायलाच हवेत.

“बाबाले सांगू नका, धसका घेतीन.” हे तर घरोघरी. मी यावर कोणाला नावे ठेवणार नाही, मायेपोटीच माणसे असे करतात. पण ज्याची मान सुजली आहे, ज्याच्यासमोर लोक एकदम बोलणे थांबवतात, त्याला काही कळत नाही असे तुम्हांला खरेच वाटते का? त्याला बहुधा कळलेले असते. बोलायला कोणी नसते एवढेच. आणि त्याला बोलायचे असते ते फार साधे असते. सातबाऱ्यावर कोणाची नावे चढवायची, सोसायटीचे कर्ज किती उरले, कोणाला उसने दिलेत, धाकट्या मुलीला सासरहून एकदा बोलवा. सगळे एकदम सांगा असे नाही. तो विचारील तितके खरे सांगावे, आणि विचारायला वाट ठेवावी. या सेवेतल्या डॉक्टरांना हे बोलणे कसे करावे याचेही शिक्षण दिलेले असते.

काही जण विचारतात, हे दयामरण तर नव्हे? नव्हे. उपशामक सेवा मरण लवकर आणत नाही आणि ओढून लांबवीतही नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येतच म्हटलेले आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात २०११ मध्ये, आणि नंतर ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जे निर्णय दिले, ते निरर्थक झालेले यंत्रांचे उपचार काढून घेण्याबद्दलचे होते; तो प्रश्न वेगळा आहे. उलट अमेरिकेत बोस्टनला फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या १५१ रोग्यांचा अभ्यास झाला, तो २०१० मध्ये छापून आला. ज्यांना नेहमीच्या उपचारांसोबत सुरुवातीपासून उपशामक सेवा मिळाली, त्यांचे मध्यम आयुष्य ११.६ महिने निघाले; फक्त नेहमीचे उपचार मिळालेल्यांचे ८.९ महिने. म्हणजे ही सेवा ‘घरी न्या’ म्हणण्याची वाट न पाहता, रोग कळला तेव्हापासूनच इतर उपचारांच्या जोडीने चालू शकते.

ती एकट्या कर्करोग्यांसाठीही नाही. लकव्याने अंथरुणाला खिळलेले, हृदय किंवा मूत्रपिंड थकलेले, दम्याने वर्षानुवर्षे जेरीस आलेले, सगळ्यांसाठी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने जगात ज्यांना तिची गरज आहे, त्यांपैकी शंभरातल्या चौदा जणांनाच ती मिळते.

आता कोणी म्हणेल, हे मुंबई-पुण्याचे झाले, कामरगावात काय? त्यासाठी केरळाकडे पाहावे लागेल. १९९३ मध्ये कालिकतच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांनी लहानसा वेदना-दवाखाना सुरू केला. त्यांच्या लक्षात आले की जो सर्वांत जास्त आजारी, तोच दवाखान्यापर्यंत येऊ शकत नाही. मग त्यांनी गावातली माणसेच तयार केली. शिक्षक, दुकानदार, विद्यार्थी, गृहिणी; आठवड्याचे निदान दोन तास द्यायचे, थोडे शिक्षण घ्यायचे, आणि परिचारिकेबरोबर घरोघर जायचे. लोकांनी थोडे थोडे पैसे जमवून ते चालवले. २००८ मध्ये केरळ सरकारने यासाठी धोरणच आखले. ते करणारी गावे आपल्या गावांहून फार निराळी नव्हती. दिंडीच्या पंगतीला, भंडाऱ्याला, विहिरीत पडलेले जनावर काढायला आपल्याकडेही अर्ध्या तासात पन्नास माणसे जमतात.

गुरुजी आणि बाई, इथे तुमचे काम आहे. तुमच्या वर्गातला एखादा मुलगा सारखा पेंगतो. रात्री आजीचे कण्हणे ऐकून त्याची झोप झालेली नसते. त्याला ओरडण्याआधी एकदा घरी जाऊन या. औषधांच्या वेळा मोठ्या अक्षरांत एका कागदावर लिहून खाटेजवळच्या भिंतीला लावा. घरात वाचणारे कोणी नसेल तर सूर्य आणि चंद्र काढून द्या. घड्याळाचे औषध घड्याळाने दिले गेले, तर अर्धे काम झाले. आणि त्या मुलाला आजीजवळ बसायला सांगा. रोग लागत नाही हे त्याने तुमच्या तोंडून ऐकले, तर घरचेही ऐकतील.

‘घरी न्या’ हे वाक्य ज्या दिवशी ऐकाल, त्या दिवशी लगेच उठून येऊ नका. डॉक्टरांना विचारा: दुखणे वाढले तर काय द्यायचे आणि ते कुठे मिळेल? आमच्या जवळ ही सेवा देणारे कोण आहे? रात्री धाप लागली तर काय करायचे? उत्तरे चिठ्ठीवर लिहून घ्या. तपासणीचे सगळे कागद, गाठीच्या तुकड्याचा अहवालसुद्धा, एका पिशवीत ठेवा, कारण मॉर्फिन लिहून देणारा डॉक्टर ते मागणारच. केंद्र सरकारचा उपशामक सेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१२ मध्ये आखला गेला, आणि गावच्या आयुष्मान आरोग्य मंदिराच्या कामांच्या यादीतही ही सेवा आहे. म्हणून आधी आशाताईंना सांगा, मग वाशीमच्या जिल्हा रुग्णालयात जाऊन विचारा. ‘इथे नाही’ असे उत्तर मिळाले, तर ‘मग कुठे आहे’ असे विचारून तेही लिहून घ्या. आणि एवढी धावपळ करणाऱ्या त्या घरच्या सुनेला आठवड्यातून एक रात्र कोणीतरी झोपू द्या. त्या रात्री खाटेजवळ शेजारच्याने बसावे.